कोंबडीचीं पिसें कां झडतात? एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

बीड जिल्ह्यांतील गेवराई तालुक्यांत चकलांबा नांवाचें गांव आहे. मराठवाड्यांतील शेंकडों गांवांसारखें तें एक गांव. अशा गांवांतील परसांत पांचदहा गावरान कोंबड्या असतात, आणि त्या परसांत वर्षांतून एकदां तरी एक प्रश्न हटकून उभा राहतो. कालपर्यंत अंगानें भरलेली, लाल तुऱ्याची, उकिरडा उकरण्यांत सर्वांच्या पुढें असणारी कोंबडी दहापंधरा दिवसांत उघडी पडूं लागते. आधीं मानेवरचीं पिसें जातात, मग छातीचीं, मग पाठीचीं. रोज सकाळीं खुराडें उघडावें तों आंत पिसांचा पसारा. कोंबडी खाते, पिते, हिंडते. तिला हगवण नाहीं, तिची मान वांकडी झालेली नाहीं. मग हें झालें तरी काय? शेजारीण म्हणते, नजर लागली. घरांतली म्हातारी म्हणते, उष्णता झाली. घरधनी म्हणतो, मरण्याच्या आधीं बाजाराला न्यावी हें बरें. आणि पुष्कळदां असें होतें कीं, दोनतीन महिन्यांनीं जी कोंबडी पुन्हां अंडीं देऊं लागली असती ती मिळेल त्या किंमतीला विकली जाते.

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राज्यें, लढाया आणि तह येतात. परंतु माणसानें कोणत्या गोष्टीकडे निरखून पाहिलें आणि कोणत्या गोष्टीकडे पाहिलें नाहीं, यालाहि इतिहास असतो. कोंबडीच्या झडलेल्या पिसांचा इतिहास हा त्या जातीचा आहे. चकलांब्याच्या परसांत पडणाऱ्या या प्रश्नाचीं उत्तरें जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत, निरनिराळ्या माणसांनीं, बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी शोध घेतांना काढलीं. तीं एकापुढें एक मांडलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. पिसें झडतात तीं कोंबडीच्या अंगावरून. पण झडण्याचें कारण बहुतेक वेळां तिच्या अंगाबाहेर असतें. तें दिवसाच्या लांबींत असतें, शेजारच्या कोंबडींत असतें, भिंतीच्या फटींत असतें, नाहीं तर पुढ्यांत टाकलेल्या दाण्यांत असतें.

आपल्या देशांत या पक्ष्याविषयीं कोणीं लिहिलेंच नाहीं, असें मात्र नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत रचलेल्या बृहत्संहितेंत कुक्कुटलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. आणि शुभ कोंबडा कोणता हें सांगतांना पिसें सरळ असावींत, बोटें सरळ असावींत, येथूनच त्यानें आरंभ केला आहे. कोंबडीच्या वांट्याला शेवटीं एक श्लोक आला आहे, पण राजाला लाभदायक कोंबडी कोणती एवढेंच तो सांगतो. पुढें बाराव्या शतकांत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें मानसोल्लास हा ग्रंथ रचला. त्या घराण्याची सत्ता आजच्या मराठवाड्यावरहि होती. त्या ग्रंथांत राजाच्या विनोदांमध्यें कोंबड्यांच्या झुंजीचें प्रकरण आहे. शकुनाला आणि झुंजीला कोंबडा लागतो. अंड्यांना कोंबडी लागते. शकुन आणि झुंज हे राजसभेचे विषय झाले, अंडें हा परसांतल्या बायकांचा विषय राहिला, आणि बायकांच्या विषयावर ग्रंथ लिहिण्याची चाल त्या काळीं नव्हती.

इंग्रजी अमदानींत जनावरांच्या रोगांकडे शास्त्रीय रीतीनें पाहण्यास आरंभ झाला, तरी या बाबतींत फारसा फरक पडला नाहीं. मुंबईस १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पुण्यास डिसेंबर १८८९ मध्यें जनावरांच्या रोगजंतूंची सरकारी प्रयोगशाळा सुरू झाली व १८९३ सालीं ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. या संस्थांना काळजी होती ती लष्कराच्या घोड्यांची आणि शेतकऱ्याच्या बैलांची. बुळकांडीनें गांवेंच्या गांवें बैलांवांचून पडत, तेव्हां कोंबडीकडे कोण पाहणार? कोंबडीचा पहिला मोठा रोग तेथील शास्त्रज्ञांच्या दृष्टीस पडला तो १९२७-२८ च्या सुमारास, राणीखेत येथें, आणि त्या रोगाला राणीखेत हेंच नांव पडलें. आपल्या खेड्यांत त्याला मानमोडी म्हणतात; १९१८ सालच्या जीवघेण्या तापालाहि लोकांनीं हेंच नांव दिलें होतें. मुक्तेश्वर येथें १९४० नंतरच्या दशकांत त्यावर लस तयार झाली. चकलांबा तर त्या वेळीं मुंबई इलाख्यांत नव्हताच. बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. पण इलाखा असो कीं संस्थान, जो रोग खुराडेंच्या खुराडें रिकामें करतो त्याला नांव मिळालें, लस मिळाली. जो नुसता कोंबडीला उघडी पाडतो, त्याची सरकारी कागदांत कोण नोंद ठेवतो?

तेव्हां उत्तरें शोधण्यास आपल्याला दुसरीकडे जावें लागतें; आणि पहिलें उत्तर रानांत आहे.

पाळीव कोंबडीचा मूळपुरुष तांबडा रानकोंबडा, असें चार्लस डार्विननें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. पुढील संशोधनानें तें मुख्यतः खरें ठरलें आहे, व हें माणसाळणें आग्नेय आशियाच्या बाजूला झालें असें आज मानतात. परंतु आपल्या सह्याद्रींत जो करडा रानकोंबडा आरवतो त्याचाहि या वंशांत वांटा आहे. पुष्कळ कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. हा पिवळेपणा करड्या रानकोंबड्याकडून आला असें २००८ सालीं आनुवंशिक तपासणींत दिसून आलें. म्हणजे चकलांब्याच्या उकिरड्यावर पिवळ्या पायांची कोंबडी दिसली तर तिचें एक आजोळ आपल्याच बाजूच्या डोंगरांत आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां या दोन्ही रानकोंबड्यांची एक संवय पाहा. विणीचा हंगाम संपला, पावसाळा लागला, म्हणजे नराच्या मानेवरचीं तीं लांब, झळकणारीं पिसें गळून पडतात. त्यांच्या जागीं आंखूड, काळपट पिसें येतात. शेपटीचे बांकदार तुरेहि जातात. ज्यानें चैत्रांत हा पक्षी पाहिला असेल त्याला श्रावणांत तो ओळखूं येणार नाहीं. हा रोग नव्हे. पीस एकदां पुरें वाढलें म्हणजे तें आपल्या नखाप्रमाणें निर्जीव वस्तु असतें. झिजलें तर तें भरून येत नाहीं, फाटलें तर सांधत नाहीं. तें टाकून नवें आणणें हाच एक उपाय. म्हणून पक्षी वर्षांतून एकदां आपलें वस्त्र बदलतात, आणि माणसाच्या घरीं येऊन हजारों वर्षें झालीं तरी कोंबडीनें ही संवय सोडलेली नाहीं.

या बदलाला एक क्रमहि आहे. आधीं डोकें, मग मान, छाती, अंग, पंख आणि शेवटीं शेपटी, असा तो साधारणपणें चालतो. पंखांतील मोठीं दहा पिसें मधल्या बाजूकडून टोंकाकडे एकामागून एक गळतात, आणि तितक्याच क्रमानें नवीं येतात. जाणते कोंबडीपालक पंख पसरून पाहतात आणि नव्या पिसांची लांबी पाहून ही कोंबडी केव्हां झडूं लागली व केव्हां अंड्यावर येईल याचा अदमास करतात. पिसाचा सुमारें नऊदशांश भाग प्रथिनाचा असतो. एवढें द्रव्य एकदम नव्या पिसांत घालायचें म्हणजे दुसरीकडचा खर्च थांबविणें आलें. म्हणून कोंबडी अंडीं बंद करते. घरच्या बाईला येथेंच दुहेरी धक्का बसतो. पिसेंहि गेलीं आणि अंडींहि गेलीं, तेव्हां कोंबडी आंतून खचली, असा तर्क ती करते, आणि तो तर्क वरवर पाहतां अगदीं सयुक्तिक आहे.

पण हें वस्त्र बदलण्याची वेळ कोंबडीला कळते कशी? उन्हाळ्यानें, थंडीनें, कीं भुकेनें? या प्रश्नाचें उत्तर ज्यानें मिळवून दिलें त्याच्या मनांत कोंबडी नव्हतीच. कॅनडांतील एडमंटन येथें विल्यम रोवन नांवाचे प्राध्यापक होते. पक्षी ठराविक वेळींच स्थलांतर कां करतात, हा त्यांचा विषय. १९२४ सालापासून त्यांनीं लहान रानपक्षी उघड्या पिंजऱ्यांत ठेवून, तेथील हाडें गोठविणाऱ्या हिवाळ्यांत, रोज संध्याकाळीं विजेचे दिवे लावून दिवस थोडाथोडा लांबविला. बाहेर बर्फ असतांना त्या पक्ष्यांच्या अंगांत वसंत ऋतूंतले बदल घडून आले. थंडी होती तशीच होती. बदलला होता तो फक्त उजेड. पक्ष्याच्या शरीरांतील पंचांग दिवसाच्या लांबीवर चालतें, हें त्यावरून सिद्ध झालें. कोंबडीलाहि तोच नियम लागू पडतो. दिवस वाढूं लागला कीं ती अंड्यावर येते, दिवस लहान होऊं लागला कीं ती पिसें टाकण्याकडे वळते.

येथें आपल्या मुलखाचा एक विशेष सांगितला पाहिजे. एडमंटनला उन्हाळ्यांतला सर्वांत मोठा दिवस सुमारें सतरा तासांचा, आणि हिवाळ्यांतला सर्वांत लहान साडेसात तासांचा. चकलांबा पडतो एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास. तेथें मोठ्या आणि लहान दिवसांत सव्वादोन तासांच्या आगेमागेच अंतर. थंड देशांत म्हणून सगळ्या कोंबड्या शरद ऋतूंत एकदम झडतात, आणि तेथील शेतकऱ्याला त्याचें नवल वाटत नाहीं. सगळेंच खुराडें एकदम उघडें झाल्यावर तो त्याला रोग कशाला म्हणेल? आपल्याकडे सूर्याचा इशारा इतका सौम्य, कीं एक कोंबडी भाद्रपदांत झडते, दुसरी दिवाळीनंतर, तिसरी कडक उन्हांत पिल्लें वाढवून झाल्यावर. चार कोंबड्या गुटगुटीत आणि एकच उघडी, असें चित्र दिसतें. माझ्या मतें, ही पीसगळ आपल्या खेड्यांत गूढ वाटत आली तिचें मोठें कारण हेंच आहे.

त्यांत भर म्हणून गावरान कोंबडी खुडूक होते. एकवीस दिवस अंड्यांवर बसतांना ती फार थोडें खाते, तिच्या पोटाखालचीं पिसें जातात आणि उघडी कातडी अंड्यांना लागते. त्यामुळें ऊब चांगली पोंचते. खुडूक हा शब्द आपल्या भाषेंत किती जुना आहे हें मला सांगतां येणार नाहीं, पण तो शब्द, आणि अंड्यावर न आलेल्या कोंबडीला तलंग म्हणणारा शब्द, हे ग्रंथकारांनीं घडविलेले नाहींत. कोंबडीकडे रोज पाहणाऱ्या बायकांनीं ते घडविले. ज्या निरीक्षणाची पोथी झाली नाहीं तें असें शब्दांत राहून गेलें आहे.

आणखी एक विलक्षण गोष्ट याच ओघांत सांगतों. परसांत जिला लोक रोग समजतात, तीच गोष्ट अंड्यांच्या मोठमोठ्या कारखान्यांत मुद्दाम घडवून आणीत आले आहेत. पिसें टाकून पुन्हां अंड्यावर आलेली कोंबडी अधिक जोमानें अंडीं देते, हें पाहून उजेड कमी करणें, दाणा तोडणें, अशा उपायांनीं हजारों कोंबड्यांना एकदम झडावयास लावण्याची रीत अमेरिकेंत निघाली व तेथून इतरत्र पसरली. उपाशी ठेवून असें करणें हा क्रूरपणा आहे, अशी भूमिका भारतीय जीवजंतु कल्याण मंडळानें २०११ सालीं घेतली. एकाच घटनेच्या भीतीनें चकलांब्याला कोंबडी विकली जाते आणि दुसरीकडे तीच घटना घडावी म्हणून तिला उपाशी ठेवतात!

दिवसाच्या लांबीनें सगळ्या गोष्टींचा उलगडा होत नाहीं. कित्येकदां पिसें साऱ्या अंगावरचीं जात नाहींत, तर नेमकीं पाठीवरचीं किंवा शेपटीच्या बुडाचीं जातात, आणि खालीं नवीं येत नाहींत. अशा वेळीं कारण शेजारीं शोधावें लागतें. नॉर्वे देशांत थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे नांवाचा एक मुलगा होता. त्याला लहानपणापासून कोंबड्यांचें वेड. कोणती कोंबडी कोणाला टोंचते, कोणाला वाट देते, याची तो टिपणें ठेवी. मोठेपणीं त्याच विषयावर त्यानें प्रबंध लिहिला व १९२२ सालीं तो जर्मन भाषेंत छापला गेला. त्यानें दाखवून दिलें कीं कोंबड्यांच्या कळपांत मानपानाची उतरंड असते. पहिली सर्वांना टोंचते, दुसरी पहिलीखेरीज सर्वांना, आणि अगदीं शेवटची कोणालाच नाहीं. माणसांच्या कचेऱ्यांत आणि सभांत जें चालतें त्याला इंग्रजींत आज जें नांव देतात, तें या मुलाच्या खुराड्यांतून आलेलें आहे.

बाजारांतून नवी कोंबडी आणून जुन्यांत सोडली, कीं ही उतरंड पुन्हां ठरवावी लागते आणि नवीच्या डोक्याचीं, मानेचीं पिसें जातात. दुसऱ्याचीं पिसें उपटून खाण्याचा एक निराळाच चाळा कोंबड्यांना जडतो. त्यांत राग नसतो. उकरण्यास माती नसली, दिवसभर डालग्याखालीं कोंडून ठेवलें, म्हणजे जी चोंच मातींत चालावयाची ती शेजारणीच्या अंगावर चालते. आणि पाठीचीं दोन बाजूंचींच पिसें गेलीं असतील तर बहुधा कोंबड्याचे पाय त्याला कारण असतात. थोड्या कोंबड्यांत एक दांडगा कोंबडा असला तर त्याच्या आवडतीचीच पाठ आधीं उघडी पडते.

आतां भिंतीकडे वळूं. मराठवाड्यांतील जुनीं घरें दगडमातीचीं आणि धाब्याचीं. उन्हाळ्यांत गार, हिवाळ्यांत उबदार, असा या घरांचा लौकिक आहे, आणि तो खरा आहे. परंतु मातीच्या भिंतीला फटी पडतात, आणि खुराडें बहुधा त्याच भिंतीला टेकून असतें. त्या फटींत कोंबडीची गोचीड राहते. तिचें शास्त्रीय नांव तिला इराणच्या नांवावरून मिळालें. १८१८ सालीं लोरेन्झ ओकेन या जर्मन पंडितानें तिचें वर्णन केलें. गुरांची गोचीड दिवसेंदिवस अंगाला चिकटून राहते. या पूर्ण वाढलेल्या गोचिडीचें तसें नाहीं. ती दिवसा भिंतींत लपते, रात्रीं बाहेर येते, अर्धापाऊण तास रक्त पिते आणि उजाडण्याच्या आधीं परत जाते. सकाळीं कोंबडी हातांत घेऊन पिसें चाळलीं तर कांहींच सांपडत नाहीं. पंखाखालीं फार तर तिचीं बारीक पोरें चिकटलेलीं दिसतात. आपली कोंबडी निरोगी आहे असें पाहणाराला वाटतें, आणि कोंबडी तर बेचैन, फिकी, अंग चोंचीनें सारखी टोंचणारी. उपाशी राहून ही गोचीड वर्षभर आणि त्याहूनहि अधिक काळ जगते. म्हणून एक पावसाळा रिकामें ठेवलेलें खुराडें शुद्ध झालें असें समजण्यांत अर्थ नाहीं.

१९०३ सालीं मार्शू आणि सालिंबेनी या दोघां शास्त्रज्ञांनीं ब्राझिल देशांत दाखवून दिलें कीं ही गोचीड नुसतें रक्त पीत नाहीं, तर कोंबडीच्या रक्तांत मळसूत्रासारखा एक जंतु सोडते आणि त्यानें कोंबड्या पटापट मरतात. किड्याच्या चाव्यानें रोग पसरतो ही कल्पना त्या वेळीं जगांत नवीनच होती. सर रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबादेस डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु पाहिला त्याला अवघीं सहा वर्षें झालीं होतीं. सिकंदराबाद निजामाच्याच राज्यांतलें. राजधानीजवळ एवढा मोठा शोध लागला, पण त्याच राज्यांतल्या परसांतील कोंबडीपर्यंत त्याचा कवडसा पोंचण्यास फार वेळ लागला.

गोचिडीखेरीज उवा आहेत. त्या रात्रंदिवस अंगावरच असतात आणि शेपटीखालचीं पिसें कुरतडतात. पिसाच्या मुळाशीं कातडींत शिरणारी एक खरजेची बारीक कीडहि आहे. तिची खाज इतकी असह्य, कीं कोंबडी आपलींच पिसें आपण उपटते. आपल्या बायका खुराड्यांत चुलींतली राख टाकतात, कोंबड्यांना धुळींत लोळूं देतात. मऊ कोरड्या धुळीनें उवा कमी होतात, हें आज शास्त्रहि मान्य करतें. परंतु राख कोंबडीच्या अंगापर्यंत पोंचते, भिंतीच्या फटीपर्यंत पोंचत नाहीं. फटी लिंपून चुना दिल्याखेरीज गोचीड हटत नाहीं.

दाण्याची कथा थोडक्यांत सांगतों, कारण तिचा पूर्वार्ध पुष्कळांना ठाऊक असेल. जावा बेटांत बटाव्हिया येथें १८९० च्या सुमारास क्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर बेरीबेरीच्या रोगाचा जंतु शोधीत होता. त्याच्या प्रयोगशाळेंतल्या कोंबड्या एकाएकीं लुळ्या पडूं लागल्या, आणि कांहीं महिन्यांनीं आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी करतां कळलें कीं मधल्या काळांत त्यांना लष्करी इस्पितळांतला सडीक तांदळाचा भात मिळत होता. मग नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्यानें तो बंद केला! या आचाऱ्याच्या कंजूषपणांतून पुढें जीवनसत्त्वांच्या शास्त्राचा एक धागा निघाला, आणि आइकमान यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांच्या कोंबड्यांचे पाय गेले होते, पिसें नव्हेत. पण कोंबडीच्या दुखण्याचें मूळ तिच्या ताटांत असूं शकतें हें त्यांनीं शिकविलें. आणि १९३९ सालीं अमेरिकेंत असें सिद्ध झालें कीं ब वर्गांतील एका जीवनसत्त्वाच्या अभावीं पिल्लांची कातडी फुटते व त्यांना पिसें नीट येत नाहींत. पीस घडण्यास गंधकयुक्त प्रथिन लागतें. नुसत्या ज्वारीबाजरींत तें पुरेसें नसतें. परसांतली कोंबडी ती उणीव किडेमकोडे आणि वाळवी वेंचून भरून काढते. भर उन्हाळ्यांत जमीन दगडासारखी होते, किडा मिळत नाहीं. अशा वेळीं टाकलेलीं पिसें लवकर भरून येत नाहींत.

दाण्यांत कांहीं कमी असल्यानेंच नव्हे, तर कांहीं अधिक असल्यानेंहि अंगावरचें आच्छादन जातें. याचा अनुभव अगदीं अलीकडे आपल्याच बाजूला आला, मात्र तो माणसांना. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्यें बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्याच्या कांहीं गांवांत लोकांचे केस मुठीमुठीनें गळूं लागले, आणि दोनचार दिवसांत डोकीं तुळतुळीत झालीं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचें पथक आलें, पाणी तपासलें, रक्त तपासलें. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं स्वतंत्र तपासणी करून, स्वस्त धान्य दुकानांतल्या गव्हांत सेलेनियम हें द्रव्य फार असल्यानें हें घडलें, असें मत मांडलें. या द्रव्याचा इतिहासहि जनावरांपासून सुरू होतो. अमेरिकेंत मिसुरी नदीच्या कांठीं फोर्ट रँडल या ठाण्यावर १८५६ सालीं लष्कराच्या घोड्यांचे आयाळीचे आणि शेपटीचे केस झडले, खूर सुटले. तेथील लष्करी डॉक्टरनें त्याची नोंद केली, पण कारण कळेना. तें कळलें १९३० नंतर, जेव्हां कुर्त फ्रँके यांनीं त्या भागांतल्या धान्यांत सेलेनियम दाखविलें. तेथील शेतकऱ्यांना आधीं खूण मिळाली होती ती कोंबड्यांकडून. अंडीं उबवीत, पण पिल्लें बाहेर पडत नसत, आणि अंड्यांत सांपडत तीं वेडींवांकडीं. चकलांब्याच्या कोंबड्यांत असें कांहीं आहे असें मुळींच समजूं नये. सांगावयाचें एवढेंच, कीं माणसाचें डोकें उघडें पडलें तेव्हां कांहीं दिवसांत दिल्लीहून पथक निघालें.

शेवटचें कारण जन्माचें. कांहीं कोंबड्यांची मान पिल्लूपणापासूनच उघडी असते. खेड्यांत त्यांना कुरूप म्हणून हसतात. युरोपांत ही जात ट्रान्सिल्व्हानियाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. मानेवर पीस येऊं न देणारा हा आनुवंशिक फरक नेमका कोठें आहे हें एडिंबरोच्या संशोधकांनीं २०११ सालीं दाखविलें. पण उघडी मान हें उष्ण देशांत वरदान आहे. अंगांतली उष्णता त्या वाटेनें निघून जाते. म्हणून बरेलीजवळ इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें अशी मान असलेली एक संकरित जात मुद्दाम तयार केली, आणि तिला नांव दिलें हितकारी.

या सर्व इतिहासाला अलीकडे एका नव्या भीतीची जोड मिळाली आहे. फेब्रुवारी २००६ मध्यें नंदुरबार जिल्ह्यांत नवापूर येथें भारतांतला पहिला बर्ड फ्लू आढळला व लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्यें तो परभणी जिल्ह्यांतल्या मुरुंबा गांवीं आला. बीड जिल्ह्यांतहि त्या वेळीं मेलेल्या कावळ्यांत तो विषाणु सांपडला. तेव्हांपासून कोंबडीच्या अंगावर कांहींहि विपरीत दिसलें कीं घराला धसका बसतो. बर्ड फ्लूनें कोंबडी एकदोन दिवसांत मरते, तुरा निळा पडतो, डोकें सुजतें. अशी चिन्हें दिसलीं, किंवा कोंबड्या भराभर मरूं लागल्या, तर त्यांना हात न लावतां जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावें. नुसतीं पिसें झडणें हें त्या रोगाचें लक्षण नव्हे.

ज्या कोंबडीचीं नुसतीं पिसें गेलीं आहेत आणि जी खाते-पिते आहे, तिला दिवसाच्या उजेडांत मांडीवर घ्यावी आणि उघड्या जागेवरून बोट फिरवावें. बोटाला सुयांसारखे निळसर कोंभ लागले तर तीं नवीं पिसें आहेत. तिच्या दाण्यांत मूठभर भुईमुगाची पेंड वाढवावी आणि तिला आपल्या वेळेनें अंड्यावर येऊं द्यावें. कोंभ नसतील आणि कातडी लाल असेल, तर रात्रीं सारें निजल्यावर कंदील घेऊन खुराड्यामागची भिंत पाहावी.